ओसरत्या हिवाळ्यातली संध्याकाळ आणि मातीची वाट

सांजवारा

हिवाळा उतरणीला लागला की सायकलवाल्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, गारठा जाऊ दे, वाटा सुकू देत, मग बघू. दुसरा कपाटातून दिवा काढून चार्जिंगला लावतो. मी दुसऱ्या तटातली. पहिल्या तटातल्या मंडळींनी या दिवसांत एकदा तरी संध्याकाळी मातीच्या वाटेवर जावं, यासाठी हा धागा काढतेय.

वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त हा सर्वांत लहान दिवसाच्या आधीच होऊन गेलेला असतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवसानंतर येतो. त्यामुळे दिवस वाढायला लागला की पहिला वाटा संध्याकाळच्या पदरात पडतो, सकाळ मात्र बरेच दिवस काळोखीच राहते. हिवाळा संपता संपता तर हा वेग फार वाढतो. विषुववृत्ताजवळ काही कळत नाही, पण ५० अंश अक्षांशाच्या आसपास दिवस रोज साडेतीन मिनिटांच्या घरात लांबत असतो. गेल्या आठवड्यात ज्या वळणावर दिवा लावावा लागला होता, तिथून या आठवड्यात अजून उजेड असताना पुढे जाता येतं. कामावरून परतणाऱ्या माणसाला एवढा मोबदला वर्षात दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही.

शिवाय झाडं अजून उघडी असतात. उन्हाळ्यात जी वाट पानांच्या बोगद्यातून जाते, तिथे आता दोन्ही बाजूंना दूरवर दिसतं. जमिनीचे चढउतार, जुने बांध, ओढ्याचं वळण, पलीकडच्या टेकडीची कड, सगळं उघडं. ओळखीच्या वाटेचा सांगाडा फक्त याच दिवसांत बघायला मिळतो.

आणि प्रकाश! सूर्य बुडाल्यावर सगळे पश्चिमेकडे बघतात. एकदा सायकल थांबवून पूर्वेकडे बघा. क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा वर चढताना दिसेल आणि त्याच्या वर फिकट गुलाबी पट्टा. खालचा करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली, आणि वरचा गुलाबी भाग अजून मावळत्या उन्हात असतो. त्या गुलाबी पट्ट्याला शुक्राचा पट्टा म्हणतात. हवा स्वच्छ, कोरडी असेल तर तो फार स्पष्ट दिसतो. थोड्या वेळाने डोक्यावरचं आकाश जे गडद निळं होतं, ते तर मला या सगळ्या खटाटोपाचं कारण वाटतं. दिवसाचा निळा हवेतल्या रेणूंनी प्रकाश विखुरल्यामुळे असतो. संध्याकाळी मात्र तिरप्या किरणांना ओझोनच्या थरातून लांब अंतर कापावं लागतं, ओझोन त्यातला नारिंगी भाग शोषून घेतो आणि मागे हा खोल निळा उरतो.

सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या वेळेला नागरी संधिप्रकाश म्हणतात. विषुवदिनाच्या सुमारास विषुववृत्तावर तो जेमतेम २१ मिनिटं टिकतो, ५० अंशावर अर्ध्या तासाहून थोडा जास्त. माझी फेरी याच खिडकीभोवती बेतलेली असते. सूर्यास्ताआधी साधारण तासभर निघायचं, सूर्यास्ताला सर्वांत उंच किंवा सर्वांत मोकळ्या जागी पोहोचायचं, आणि संधिप्रकाशात परत फिरायचं.

तुम्ही कसं करता? वाट कशी निवडता? दिवा कधी लावता?

खडीवाट

छान धागा. पण प्रकाशाच्या आधी जमिनीबद्दल बोलायला हवं. जिथे जमीन गोठते, तिथे ओसरत्या हिवाळ्यातली संध्याकाळ ही वाटेसाठी दिवसातली सर्वांत नाजूक वेळ असते.

कारण असं. दिवसाच्या उन्हाने वरची दोन-चार बोटं माती वितळते, खालची अजून घट्ट गोठलेली असते. वितळलेलं पाणी खाली मुरायला जागाच नाही, त्यामुळे वरचा थर नुसता राडा होतो. दुपारी उशिरा हा राडा सर्वांत जास्त असतो, आणि आपण नेमके तेव्हाच निघतो. त्या मातीत चाक गेलं की खोल चरा पडतो, रात्री तो तसाच गोठतो, दुसऱ्या दिवशी त्यातून पाणी वाहायला लागतं. दोन-तीन आठवड्यांत चऱ्याचा ओहळ होतो.

म्हणून आमच्या गटात एकच नियम आहे. मागे वळून बघायचं. चाकाचा ठसा उमटतोय पण माती टिकून आहे, तर चालू द्या. चरा पडतोय आणि टायरला माती लपेटून येतेय, तर तिथूनच परत. खडीच्या, मुरमाच्या, किंवा जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या वाटा या दिवसांसाठी उत्तम. त्यांच्याखाली खडीचा थर असतो, पाणी झिरपून जातं, आणि चढही सौम्य असतो कारण मूळ बांधणीच आगगाडीसाठी झालेली असते.

निवांत

+१. चिखलाचं डबकं आलं की बाजूच्या गवतावरून वळसा घालू नका, ही विनंती. मधून जा, नाहीतर उतरून मधूनच चाला. प्रत्येकाने वळसा घातला की वाट दरवर्षी हातभर रुंद होते.

तिसरागिअर

सांजवारा, फार आवडलं लिहिलेलं. पूर्वेकडच्या सावलीचं माहीत नव्हतं, आता बघणार.

एक शंका. आमच्याकडे बर्फ नाही, जमीन गोठत नाही. हिवाळा म्हणजे कोरडी हवा, पानगळ, आणि संध्याकाळी एकदम उतरणारा गारवा. आमच्यासारख्यांनी कशाकडे लक्ष द्यायचं?

खडीवाट

@तिसरागिअर, तुमच्याकडे त्रास चिखलाऐवजी पाचोळ्याचा आणि सुट्या मुरमाचा. वाळलेल्या पानांचा थर दिसायला सपाट, पण खाली दगड, मुळं, खड्डे सगळं झाकलेलं. वळणावर तर पानावर पान सरकतं आणि चाकाला पकड मिळतच नाही. पानांच्या पट्ट्यात शिरण्याआधी वेग कमी करा, आत शिरल्यावर पुढचा ब्रेक आवळू नका, वळताना सायकल फार कलती करू नका. महिनोन्महिने पाऊस नसल्यामुळे वाटेवरची बारीक खडीही सुटी झालेली असते, ती उतारावर दगा देते.

आणि गारव्याचं म्हणाल तर कोरड्या, निरभ्र हवेत दुपार आणि रात्र यांतला फरकच मोठा असतो. जमिनीची उष्णता अडवून धरायला ढग नाहीत, बाष्पही कमी. निघताना अर्ध्या बाह्यांत घाम येतो आणि परतताना दात वाजतात. एक पातळ वारारोधक जॅकेट पाठीच्या खिशात असलंच पाहिजे.

रानवाट

गारवा एकसारखा उतरत नाही, हेही सांगायला हवं. सूर्य बुडाला की जमीन आधी थंड होते, तिला टेकलेली हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून घरंगळत खोलगट भागांत साचते. ओढ्यात उतरताना अचानक चेहऱ्याला गार लागतं आणि पलीकडे चढून आल्यावर पुन्हा उबदार वाटतं, ते यामुळे. मला हा अनुभव फार प्रिय आहे, डोळे मिटूनही वाटेची उंचसखल ओळखता येईल असं वाटतं.

पण यातच धोका आहे. निरभ्र रात्री जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षा थंड होतो. हवेचं तापमान २-३ अंश दाखवत असलं तरी लाकडी साकवावर, फळ्यांच्या वाटेवर हिमकण धरलेले असू शकतात. साकवाच्या खालूनही हवा खेळते, जमिनीची ऊब त्याला मिळत नाही, म्हणून तो आजूबाजूच्या वाटेच्या आधी निसरडा होतो. साकवाच्या आधी ब्रेक लावून घ्या. साकवावर चढल्यावर ब्रेक नको, हँडल सरळ, पायडल हलक्या पायाने. आणि सावलीतल्या बाजूचं डबकं दुपारी पाणी असलं तरी परतताना पाणीच असेल असं धरून चालू नका.

गिअरबदल

टायरबद्दल कुणी बोललं नाही, मी बोलतो. घरात २० अंशांत ३० पीएसआय हवा भरली आणि बाहेर ० अंशांत गेलात, तर टायर थंड झाल्यावर आत साधारण २७ उरते. हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात घटतो, त्यात टायरचा काही दोष नाही. मातीच्या वाटेवर थोडा कमी दाब चांगलाच, पकड वाढते. पण आधीच कमी भरली असेल तर ती आणखी उतरून दगडावर रिम आपटेल. त्यामुळे दाब बाहेर जाऊन, सायकल दहा-पंधरा मिनिटं गारव्यात उभी केल्यावर तपासा.

ज्यांच्याकडे वाट खरोखर बर्फाळ असते त्यांनी खिळे असलेले टायर घ्यावेत. त्यांतले टंगस्टन कार्बाइडचे खिळे घट्ट बर्फात रुततात. भुसभुशीत बर्फावर त्यांचा उपयोग नाही, तिथे रुंद टायर आणि कमी दाब हवा.

चेनला ओलीसाठीचं घट्ट वंगण लावा, फेरीनंतर फडक्याने पुसा. इतकं पुरे.

चष्मेबद्दूर

दिव्याचा मुद्दा. मी संधिप्रकाशात शक्य तितका वेळ पुढचा दिवा बंद ठेवतो. निष्काळजीपणा म्हणून नाही, डोळ्यांना संधी मिळावी म्हणून. अंधाराला सरावायला डोळ्यांना वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दहाएक मिनिटांत सरावतात, पण मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना पुरतं सरावायला अर्धा तास लागू शकतो. त्यात एकदा जरी प्रखर पांढरा झोत डोळ्यांत गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संध्याकाळ हळूहळू उतरते, म्हणून डोळेही तिच्यासोबत हळूहळू सरावतात. दिवा लावला की झोतापुरती वाट दिसते आणि बाकीचं जग नाहीसं होतं.

आणखी एक. मंद उजेडात एखादी गोष्ट नीट दिसत नसेल तर तिच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच, त्या बाजूंना असतात. वाटेतला दगड थेट बघितल्यावर विरघळतो आणि नजर जरा हलवली की दिसतो.

निवांत

चष्मेबद्दूर, शास्त्र मान्य, निष्कर्ष मान्य नाही. वाट आपल्या एकट्याची नसते. संध्याकाळी लोक चालायला येतात, लहान मुलं असतात, कुत्री असतात. तुम्हाला ते दिसतात की नाही एवढाच प्रश्न नाही, तुम्ही त्यांना दिसता की नाही हाही आहे. सायकलचा आवाज होत नाही. अंधारातून अचानक अंगावर आलेली सायकल म्हाताऱ्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार करा. मी पायी चालणाऱ्यांपैकीही आहे, म्हणून पोटतिडकीने लिहितेय.

सांजवारा

निवांतताई, तुमचं पटतं. मागचा लाल दिवा मी घरातून निघतानाच लावते, तो परत येईपर्यंत बंद होत नाही. पुढचा दिवा माझ्याकडे सर्वांत मंद पातळीवर, खाली झुकवलेला असतो. समोर माणूस दिसला की वेग चालण्याइतका कमी, दुरूनच घंटी, आणि "डावीकडून येतेय" असं तोंडाने सांगणं. पूर्ण बंद दिव्याने फक्त उभं राहायचं. थांबून आकाश बघताना दिवा बंद ठेवायला कुणाचीच हरकत नसावी.

वेगाबद्दलही एक हिशेब देते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरा, आणि सुट्या मातीवर ब्रेक बेताचाच लागतो असं धरा. ताशी १५ किलोमीटरला थांबायला साधारण ९ मीटर लागतात. ताशी २५ ला १८ च्या वर. वेग दीडपटीहून थोडा जास्त, अंतर दुप्पट. दिव्याचा उजेड जिथपर्यंत नीट पोहोचतो, त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा.

चष्मेबद्दूर

हे मान्य. पुढचा दिवा मंद ठेवून माणसांच्या वाटेवर जाईन. निर्मनुष्य माळावर माझी पद्धत चालू ठेवतो.

आणि दिसण्याबद्दल म्हणाल तर लाल जॅकेटवर विसंबू नका. उजेड कमी होताना डोळा निळ्याकडे झुकतो, लाल रंग काळा पडत जातो. पर्किंजे या चेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकात हे नोंदवलं, त्याच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो. झगझगीत पोपटी जॅकेटही दिवसाउजेडीच झगझगतं, कारण त्याची चमक सूर्याच्या अतिनील किरणांवर चालते. अंधारात उपयोग परावर्तक पट्ट्यांचा, आणि त्याही घोट्याला बांधलेल्या. पायडलबरोबर वरखाली होणारी पट्टी बघणाऱ्याला लगेच सांगते की हे माणूस आहे.

तिसरागिअर

हेल्मेटवर दिवा लावावा की हँडलवर?

गिअरबदल

एकच असेल तर हँडलवर. हेल्मेटवरचा झोत जवळजवळ डोळ्यांच्या रेषेतूनच जातो, त्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते आणि वाट सपाट वाटते. हँडलवरचा दिवा खालून येतो, सावल्या पडतात, खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. धुक्यात तर हेल्मेटवरचा झोत समोरच्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो. दोन असतील तर हेल्मेटवरचा मंद ठेवा, वळणापलीकडे बघायला उपयोगी. समोर माणूस आला की मान खाली घाला, नाहीतर झोत त्याच्या डोळ्यांत.

थंडीत लिथियम बॅटरी लवकर संपते. निघताना पूर्ण चार्ज, फोन अंगालगतच्या खिशात. परत आल्यावर दिवा लगेच चार्जिंगला लावू नका, आधी घरात उबदार होऊ द्या. गोठणबिंदूखाली असलेली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आत धातूचा थर जमतो आणि ती कायमची बाद होत जाते.

रानवाट

संध्याकाळच्या वेळी प्राणीही वाटेवर असतात. हरीण, ससा, कोल्हा यांचा वावर पहाटे आणि सांजेला जास्त. दिव्यात दोन ठिपके चमकले की थांबा. हरीण, कोल्हा यांच्या दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो, तो उजेड परत फेकतो. एक जनावर रस्ता ओलांडून गेलं की लगेच निघू नका, मागून दुसरं येत असतं. पाठलाग तर मुळीच करू नका. हिवाळ्याच्या शेवटाला त्यांची अंगावरची चरबी संपत आलेली असते, जिथे अन्न तुटपुंजं आहे तिथे उगाच पळावं लागणं त्यांना फार महाग पडतं.

मृगशीर्ष

सायकलचं मला फार कळत नाही, आकाशाचं थोडं कळतं. उत्तर गोलार्धात राहणाऱ्यांनी या दिवसांत संधिप्रकाश संपल्यावर पाच मिनिटं तरी थांबावं. मृग नक्षत्र दक्षिणेला उंच आलेलं असतं, त्याच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा.

शहराच्या उजेडापासून लांब असाल आणि चंद्र नसेल तर पश्चिमेला क्षितिजापासून तिरका वर गेलेला फिकट उजेडाचा सुळका शोधा. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेलं ते सूर्याचंच ऊन. हिवाळाअखेर ते संध्याकाळी चांगलं दिसतं, कारण या काळात सूर्यमार्ग सांजेच्या क्षितिजाशी उभा कोन करतो. अमावास्येनंतरची कोवळी चंद्रकोरही याच कारणाने उंच दिसते आणि नावेसारखी आडवी होते.

सांजवारा

मृगशीर्ष, खूप खूप धन्यवाद. हा सुळका मी पाहिलाय आणि कुठल्या तरी गावाचा उजेड म्हणून सोडून दिला होता असं आता वाटतंय. येत्या अमावास्येच्या आसपास नक्की.

उंबरठा

नवीन सदस्य आहे. चार वर्षांच्या मुलीला मागच्या सीटवर बसवून अशी फेरी मारायची इच्छा आहे. थंडीचं भय वाटतं. कितपत योग्य?

रानवाट

@उंबरठा, जरूर न्या, पण तुमच्या अंगावरच्या कपड्यांवरून तिचे कपडे ठरवू नका. तुम्ही पायडल मारता, तुमचं अंग तापतं. ती नुसती बसलेली असते आणि वारा तिलाही लागतो. ५ अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा अंगावर घेतला की उघड्या त्वचेला ते १ अंशासारखं जाणवतं. त्यात मुलांचं अंग वजनाच्या मानाने जास्त उघडं असतं, ऊब लवकर निघून जाते.

तुमच्यापेक्षा तिला एक थर जास्त, तोही लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. सुती नको, ओला झाला की गार पडतो. पायांवर वाराबंद आच्छादन, कान झाकलेले, हेल्मेटखाली पातळ टोपी चालते पण हेल्मेटचा पट्टा त्यानुसार पुन्हा बसवून घ्या. हातमोजे दोरीने बाहीला बांधा, नाहीतर एक वाटेत पडेलच. दर दहा मिनिटांनी थांबून मानेच्या मागे, कपड्यांच्या आत हात लावून बघा. मान गार लागली किंवा ती गप्प झाली, पेंगायला लागली, तर फेरी तिथेच संपवा. पहिल्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघा, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहील.

उंबरठा

हे सगळं लिहून घेतलं. वाऱ्याचं तर अजिबात सुचलं नसतं. रविवारी छोट्या, खडीच्या वाटेवर, सूर्यास्ताआधी निघून अंधारापूर्वी परत, असं ठरवतो. तिला पूर्वेकडची पृथ्वीची सावली दाखवायची आहे.

निवांत

मग सूर्यास्तानंतरची दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवा, त्याआधी ती नीट दिसत नाही. आणि तिच्या हेल्मेटमागेही एक छोटा लाल दिवा लावा.